दिवाळीला रंग, पोळ्याला बुरशी: खान्देशातल्या दुकानांना आणि गोदामांना ओल लागते कुठून?

कोकणातल्या माणसाला बुरशीचं काही सांगावं लागत नाही. आपल्याकडे मात्र मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वाळवणाचे पापड तासाभरात कडक होतात, आणि ओल ही आपली भानगडच नाही असं सगळे धरून चालतात. दुकानाच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले की मालक म्हणतो, "आठे कसानी ओल, भाऊ?" आणि रंगाऱ्याला बोलावतो. दिवाळीला भिंत चकचकीत होते, पुढच्या पोळ्याला ठिपके पुन्हा त्याच जागी हजर.

इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात मी हे जळगाव, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव अशा सगळीकडे पाहतो. माझं म्हणणं सरळ आहे. बुरशी हा रंगाचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. आणि खान्देशात हे पाणी बऱ्याचदा आपणच आत आणून कोंडलेलं असतं, कारण आपल्या व्यापारी इमारती फक्त उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधल्या जातात.

बुरशीला लागतं काय?

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते सगळीकडे असतात: हवेत, धुळीत, कपड्यांवर, धान्याच्या पोत्यावर. ते संपवता येत नाहीत आणि संपवायची गरजही नाही. ते रुजायला चार गोष्टी लागतात. हवा, मध्यम तापमान, खायला काहीतरी आणि पाणी. हवा आपण बंद करू शकत नाही. २० ते ३० अंश तापमान माणसाला मानवतं तसंच बुरशीलाही मानवतं. खाण्याचं म्हणाल तर पुठ्ठा, प्लाय, कापड, जिप्सम बोर्डावरचा कागद, भिंतीवर बसलेली नुसती धूळसुद्धा तिला पुरते. म्हणजे आपल्या हातात उरतं ते पाणी.

पाणी म्हणजे गळतच असलं पाहिजे असं नाही. भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशी धरते. म्हणून खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी, जमलं तर ५० च्या आसपास, असा सर्वसाधारण दंडक आहे. ती मोजणारं छोटं डिजिटल यंत्र, हायग्रोमीटर, काही शे रुपयांत मिळतं. गल्ल्याशेजारी एक आणि सगळ्यात कोंदट कोपऱ्यात एक, अशी दोन यंत्रं ठेवली की निम्मा वाद तिथेच मिटतो.

कूलर आणि एसी

उन्हाळ्यात कूलर आपल्याकडे इतका चांगला का चालतो? मेमध्ये हवा खणखणीत कोरडी असते. वाळ्यातून किंवा पॅडमधून जाताना ती पाणी पिते आणि थंड होते. पण कूलर हे मुळात हवा ओली करणारं यंत्र आहे. जूनच्या मध्यानंतर बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असते. मग कूलर जेमतेम एक-दोन अंश गारवा देतो आणि खोलीतली आर्द्रता मात्र ९० टक्क्यांच्या घरात नेतो. उन्हाळ्यात बाहेरची झळ येऊ नये म्हणून बंद केलेल्या खिडक्या, त्यांवर चिकटवलेल्या काळ्या फिल्म, झडपांवर ठोकलेले थर्माकोल हे सगळं जुलैतही तसंच असतं. कोचिंग क्लासमध्ये पन्नास-साठ मुलं, बंद खिडक्या आणि कोपऱ्यात घरघरणारा कूलर, अशी खोली ऑगस्टमध्ये हमखास वास मारते. पहिला दमदार पाऊस झाला की कूलरमधलं पाणी काढून टाका. पॅड उन्हात वाळवून ठेवा आणि फार तर नुसता पंखा चालवा.

एसीचं थोडं समजून घ्यावं लागतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तीच हवा २० अंशांवर आणली की जेमतेम १७ ग्रॅम मावते. पावसाळ्यातल्या ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत २४ ग्रॅम वाफ असते. ही हवा थंड वस्तूला टेकली की जादाचं पाणी थेंब होऊन तिच्यावर बसतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तो याच कारणाने. अशा हवेसाठी घाम फुटायची हद्द आहे साधारण २६ अंश. तुम्ही शोरूम २० अंशांवर ठेवली तर तिच्या काचा, पार्टिशन, वरच्या मजल्याच्या स्लॅबची खालची बाजू हे सगळं २६ च्या खाली जातं. मग घाम एसीच्या खोलीत फुटत नाही, तिच्या शेजारच्या बिनएसीच्या खोलीत फुटतो. कापड दुकानात माल ठेवायची मागची खोली, सराफाच्या दुकानातला जिना, बँकेतली रेकॉर्डची खोली. मालक एसीच्या खोलीत बसतो, तिथे सगळं ठीकठाक दिसतं, आणि पुठ्ठ्याची खोकी भिंतीपलीकडे सादळतात.

फॉल्स सीलिंगच्या वर तर कुणी बघतच नाही. थंड हवेच्या पत्र्याच्या डक्टवरचं इन्सुलेशन एका सांध्याला फाटलेलं असतं. तिथून टपटप पाणी जिप्सम बोर्डाच्या पाठीवर पडतं. खालून दिसतो तो फक्त चहाच्या रंगाचा एक गोल डाग. तो दिसेपर्यंत वरचा कागद काळा झालेला असतो. डाग दिसला की एक टाइल किंवा बोर्डाचा तुकडा काढून टॉर्च मारून बघा. डागावर डिस्टेंपर मारू नका.

एसी २४ ते २६ अंशांवर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या नव्या एसीमध्ये सुरुवातीची सेटिंगच २४ अंशांची ठेवणं बंधनकारक झालं आहे. तो नियम विजेच्या बचतीसाठी आहे, पण भिंतीलाही त्याचा फायदा होतो. दुसरं म्हणजे, "उन्हाळा कडक आहे, दीड टनाच्या जागी अडीच टनाचा बसवा" हा सल्ला पावसाळ्यात महागात पडतो. मोठा एसी पाच-सात मिनिटांत खोली गार करतो आणि थांबतो. हवेतलं पाणी ओढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट लागते, ती यामुळे. पावसाळ्यात रिमोटवर 'ड्राय' लावून पाहा, आणि ट्रे व नळी दर महिन्याला साफ करा. नळीचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नका. हे शेवटचं फार कळकळीने लिहितोय, कारण पुढची हकीकत त्याचीच आहे.

कपाटामागची भिंत

जळगावच्या एका व्यापारी संकुलात पहिल्या मजल्यावर साड्यांचं दुकान आहे. मागच्या भिंतीला मजल्यापासून छतापर्यंत प्लायची मांडणी. तीन दिवाळ्या लागोपाठ रंग दिला होता, अँटीफंगल म्हणून मिळतो तो महागातला. मांडणीचा एक खण सोडवून बाहेर ओढला, तेव्हा त्यामागच्या भिंतीवर बरोब्बर फळ्यांच्या आकाराचे पट्टे होते. जिथे फळी भिंतीला टेकली होती तिथे काळं, मधल्या जागेत करडं. प्लायच्या पाठीला पांढरट लव. खालच्या खणातल्या खोक्यांचे पुठ्ठे हात लावताच मऊ पडत होते. भिंतीच्या पलीकडे संकुलाचा डक्ट, म्हणजे पाइपांची उभी पोकळी. त्यात वरच्या मजल्यांवरच्या सात-आठ एसींच्या नळ्या मोकळ्या सोडलेल्या, एका जुन्या सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा उघडा, आणि तळाशी वर्षानुवर्षांचा कचरा तुंबून डबकं झालेलं. ऊन नाही, वारा नाही. ती भिंत बाराही महिने ओली होती. आतल्या बाजूने जगातला कुठलाही रंग लावला असता तरी काय फरक पडणार होता?

डक्ट कुणाचा, हा आपल्याकडच्या संकुलांतला मोठा प्रश्न आहे. गाळा प्रत्येकाच्या नावावर, डक्ट कुणाच्याच नाही. ज्याची भिंत ओली तो ओरडतो, ज्याची नळी गळते त्याला काहीच त्रास नसतो. भाड्याचे गाळे असले तर भाडेकरू मालकाकडे बोट दाखवतो आणि मालक बिल्डरकडे. मला वाटतं, सगळ्या गाळेधारकांनी वर्षातून एकदा मार्च-एप्रिलमध्ये डक्ट उघडून साफ करायचा, सगळ्या एसींच्या नळ्या एका उभ्या पाइपात जोडायच्या आणि खर्च समान वाटून घ्यायचा, एवढा एक ठराव केला तरी दरवर्षीच्या रंगकामापेक्षा ते स्वस्त पडतं.

पाणी शोधायचं कसं?

आधी बुरशी आणि लोणा यांतला फरक बघा. खाऱ्या बोअरच्या पाण्यावर बांधकाम आणि क्युरिंग झालेल्या इमारतींत भिंतीवर पांढरी, कापसासारखी फुगीर पावडर येते. तो क्षार आहे. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो विरघळतो, बोटात चुरला की खरखरतो. बुरशी विरघळत नाही, पसरते आणि वास येतो. लोणा म्हणजेही भिंतीतून पाणी येतंय याचीच खूण, पण त्याचा उगम बहुतेक वेळा जोत्याकडे किंवा पाइपाकडे असतो.

मग प्लास्टिकचा साधा प्रयोग. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या, संशयित भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला ओल धरली तर हवेतलं पाणी बसतंय. पहिल्या प्रकारात गवंडी आणि प्लंबर लागतो, दुसऱ्यात हवा खेळती करावी लागते. हे न बघता वॉटरप्रूफिंगवाल्याला पैसे देणं चुकीचं आहे.

ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि तारीख लिहा. पावसाची झड लागल्यावर डाग रेघेबाहेर गेला तर पाणी गच्चीचं किंवा बाहेरच्या भिंतीचं. पाऊस नसतानाही वाढला तर पाइपाचं किंवा टाकीचं. आपल्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर टाक्यांची रांग असते. पाणी आलं की मध्यरात्री मोटर चालू होते, टाकी भरून वाहते आणि ते पाणी टाकीखालच्या ओट्याच्या कडेने स्लॅबमध्ये जिरतं. पाणी येण्याच्या दिवसांची नोंद पेन्सिलच्या तारखांशी ताडून पाहिली की कैक वेळा चोर लगेच सापडतो. अशा ठिकाणी लागतो तो शंभर-दोनशेचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ.

गच्ची, पश्चिमेची भिंत आणि तळघर

काँक्रीट उन्हाने वाढतं. तीस मीटर लांबीची गच्ची मेच्या दुपारी तापते आणि पहाटे निवते, तेव्हा ३५ अंशांच्या फरकाला ती जवळपास एक सेंटिमीटर पुढे-मागे सरकते. रोज. कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराला, तडे जातात ते यामुळे, आणि सगळ्यात आधी जातात ते कठड्याच्या आणि गच्चीच्या सांध्यात, जिथे वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर भराव, मारलेला असतो. जूनच्या पहिल्या पावसाआधी गच्चीवर चक्कर मारून वाटा आणि पाणी जायची तोंडं बघायची, हे काम वर्षात एकच, पण चुकवू नये असं. गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला तर स्लॅब कमी तापतो आणि तडेही कमी पडतात. दुकानातला उकाडा कमी होतो तो वेगळाच.

गच्ची तपासायला पाणी कोंडून ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण ऐन टंचाईत सगळी गच्ची भरणं मला पटत नाही. वाळूचे किंवा चिकणमातीचे बांध घालून एकेक तुकडा तपासता येतो, आणि एका तुकड्याचं पाणी पुढच्यात वळवता येतं.

पश्चिमेच्या भिंतीचं दुखणं दुहेरी असतं. उन्हाळ्यात दुपारचं ऊन तिलाच खातं आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा झडीचा पाऊसही तिच्यावरच येतो. तापून पडलेल्या बारीक चिरांतून पाणी आत शिरतं. मांडण्या, कपाटं, फाइलींचे रॅक शक्यतो या भिंतीला लावू नका. लावावेच लागले तर भिंत आणि मांडणी यांत चार बोटं जागा सोडा.

तळघराचं गणित आपल्या मातीमुळे बिघडतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तळघराच्या भिंतीला दरवर्षी रेटते. बऱ्याच ठिकाणी खाली बेसाल्टचा खडक. त्यात खोदलेला खड्डा पावसाचं पाणी धरून ठेवतो, ते खाली मुरत नाही. भिंतीबाहेर मुरूम-खडीचा थर आणि पाणी वाहून नेणारा पाइप बांधकामाच्या वेळीच टाकला तर प्रश्न सुटतो. नंतर आतून कितीही रसायनं चोपडली तरी बाहेरचं पाणी भिंत ढकलतच राहतं. अशा तळघरात कापड, औषधं, कागद ठेवू नयेत, हा माझा स्पष्ट सल्ला. वाहनं ठेवा.

गोदामं आणि केळीची चेंबर

रावेर, यावल, सावदा पट्ट्यातल्या रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवताना तापमान १६ ते १८ अंश आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर मुद्दाम ठेवावी लागते. तिथे ओल टाळता येत नाही. दोन बॅचच्या मधे पॅनेल, पंखे आणि क्रेट धुऊन पूर्ण कोरडे करणं एवढंच हातात असतं. दुर्लक्ष होतं ते चेंबरच्या बाहेरच्या अंगाकडे. पफ पॅनेलचा, म्हणजे आत फोम भरलेल्या पत्र्याच्या भिंतीचा, एखादा सांधा उघडला की बाहेरची दमट हवा त्या थंड सांध्यावर घाम धरते, आणि शेजारच्या ऑफिसची भिंत काळी पडते.

सरकी, मका, डाळ, भुईमूग यांच्या गोदामात बुरशी म्हणजे नुसता वास नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. त्यातला बी-१ हा प्रकार माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. बुरशी लागलेल्या सरकीची ढेप गाय-म्हशीने खाल्ली तर ते रूप बदलून दुधात उतरतं. म्हणून थप्पी थेट फरशीवर लावू नये, खाली लाकडी किंवा प्लास्टिकचे पॅलेट टाकावेत, भिंतीपासून माणूस फिरेल एवढी जागा सोडावी. पत्र्याच्या शेडला रात्री आतून घाम येतो आणि तो वरच्या पोत्यांवर टपकतो. माथ्यावर फिरते व्हेंटिलेटर आणि पत्र्याखाली इन्सुलेशन, दोन्ही हवेत.

बुरशी आलीच तर

आधी पाणी बंद करा, मग साफसफाई. एक चौरस मीटरपर्यंतचा डाग स्वतः साफ करता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घाला. पंखा बंद ठेवा. कोरड्या झाडूने किंवा पॉलिश पेपरने खरवडू नका, त्याने बीजाणू साऱ्या दुकानात उडतात. आधी भिंत ओली करा, मग साबणाच्या पाण्याने घासून पुसा आणि वाळवा. ब्लीच टाइलवर आणि काचेवर चालतं, पण प्लास्टरच्या किंवा प्लायच्या आत शिरलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. भिजून बुरशी धरलेला पुठ्ठा, जिप्सम बोर्ड, स्वस्तातलं प्लाय, गालिचा वाचत नाही. पिशवीत बांधून बाहेर काढा. डाग त्याहून मोठा असेल किंवा एसीच्या डक्टमध्ये असेल तर जाणकार माणूस बोलवा.

पुराचं पाणी शिरलं तर हिशोब तासांचा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्यात पांझरेला आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर-डोंगरीला पूर आला, तेव्हा नदीकाठी आणि बाजारपेठेत पाणी घुसलं. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरणारच असं समजा. आधी पंचनाम्यासाठी आणि विम्यासाठी फोटो काढा, मग लगेच गाळ काढा, मांडण्या भिंतीपासून ओढा, पार्टिशनचा बोर्ड पाण्याच्या खुणेच्या वर फूटभर कापून टाका. विटांची भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून वाळायला महिने लागतात. ऑक्टोबरची ऊब आणि हिवाळ्यातली कोरडी हवा ही आपल्याला मिळालेली मोठी देणगी आहे, तिचा उपयोग करा. शटर आणि खिडक्या दिवसा सताड उघड्या ठेवा. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइल पेंट लावला की ओल आतच कोंडते आणि पोपडे धरतात. आपल्या जुन्या वाड्यांना चुन्याचा गिलावा असे. चुना अल्कधर्मी, त्यावर बुरशीला रुजणं जड जातं, शिवाय भिंतीतली वाफ बाहेर पडायला वाट राहते. गोदामाला आणि मागच्या खोल्यांना आजही चुन्याचा हात द्यायला हरकत नाही.

तब्येतीचं थोडक्यात. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसची, म्हणजे 'ब्लॅक फंगस'ची, दहशत सगळ्यांनी पाहिली. भिंतीवरचे काळे ठिपके म्हणजे तो आजार नव्हे. पण बुरशीच्या खोलीत रोज आठ-दहा तास काढणाऱ्याला सर्दी, खोकला, डोळ्यांची चुरचुर होते, दम्याच्या माणसाचा दमा उचल खातो. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने कमी झाली आहे त्यांना फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणून दवाखान्यात रुग्ण दाखल असताना शेजारी तोडफोड करायची असेल तर प्लास्टिकचा पडदा लावून तो भाग पूर्ण बंद करावा.

आणि ओल्या भिंतीजवळ कोण बसतं ते आजच बघून घ्या. बहुतेक दुकानांत तिथे माल काढून देणारा पोरगा असतो, नाहीतर हिशेब लिहिणाऱ्या ताई, आणि तळघरात झोपणारा वॉचमन. भिंतीचं काम ऑक्टोबरात होईल, त्यांची खुर्ची आणि खाट मात्र आजच हलवता येते.